आडव्याचं उभं

सूप तीन प्रकारचं नव्हतं. एकाच प्रकारचं तीन वेळा होतं.

बिस्किटांच्या कारखान्यात सगळ्यात जास्त खपणाऱ्या बिस्किटाचं नाव ‘चौकोनी’. ते गोल आहे.

‘मी म्हणजे कोण?’ हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. पण दात घासताना, तोंडात फेस असताना, मोबाइलकडे बघून पडलेला कुणाच्या ऐकिवात नाही.

जिन्याच्या पायथ्याशी वॉकर उभा. नुसता वॉकर.

आठव्या मजल्यावरून आभाळ दिसतं. आणखी काहीच दिसत नाही.

•

तर गोष्ट एका गुडघ्याची आहे.

गुडघा सासूबाईंचा. तो बदलून झाला, टाके सुकले, सासूबाई दवाखान्यातून तळमजल्यावरच्या आपल्या घरी आल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. पलंगाभोवती त्यांची तिन्ही मुलं उभी राहिली. थोरला मुलगा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत. मधली मुलगी, ताई. आणि शेंडेफळ असलेली तिसरी मुलगी, जी या गोष्टीतल्या जावयाची बायको आहे. जावई स्वतः पलंगाच्या पायथ्याशी, म्हणजे जावयाने जिथे उभं राहायचं असतं तिथे, उभा होता. दादाची बायको, म्हणजे वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात होती. आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या दिरांची बायको, खुर्चीत होत्या. त्या घरात एकच खुर्ची रिकामी असली तर ती काकूंची, हा जुना कायदा होता.

दादाचं म्हणणं सरळ होतं. आई आता एकटी राहू शकत नाही. त्याच्याकडे आठव्या मजल्यावर तिची खोली तयार आहे, लिफ्ट आहे, जिन्याचा प्रश्नच नाही. सासूबाईंनी छताकडे बघत सांगितलं की त्या खोलीत त्या मागे पंधरवडाभर राहून आल्या आहेत, आणि तिथल्या खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. आभाळाशी भांडता येत नाही. मग इथे तरी भांडायला कोण आहे, असं वहिनीने विचारलं. सगळ्यांची नजर खुर्चीकडे गेली. काकूंनी पाय हलवायचा थांबवला.

बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तोड निघाली ती पाळ्यांची. डॉक्टर हिंडाफिरायची परवानगी देईपर्यंत सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या लावायच्या. प्रत्येक पाळीला घरातलं एक माणूस आईजवळ.

“एक जरी पाळी रिकामी गेली,” दादा म्हणाला, “तर दुसऱ्या दिवशी आई माझ्याकडे. कबूल?”

“कबूल,” सासूबाई म्हणाल्या, आणि मान वळवून त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी बघितलं. “जावईबापू, तुम्ही ते तक्त्यांचं काहीतरी करता ना?”

जावई तक्त्यांचंच करत असे. किंबहुना दुसरं काही त्याला करता येत नव्हतं, असं त्याच्या बायकोचं मत होतं. बिस्किटांच्या कारखान्याच्या ऑफिसात तो होता, आणि गावोगावचे विक्रेते त्याला दर महिन्याला आडवे तक्ते पाठवत: डावीकडे गाव, आणि पुढे एकेका बिस्किटाचा एकेक रकाना, लांबच लांब. जावयाचं काम म्हणजे हे आडवं उभं करायचं. एका ओळीत एक गाव, एक बिस्किट, एक आकडा, की झाली ओळ. मग तिच्या खाली पुढची. हे काम यंत्र करतं, पण रकान्यांची नावं विक्रेते दर महिन्याला बदलत. ‘चौकोनी’ला कुणी ‘चौ.’ लिही, कुणी ‘चौकोनी नवीन’, आणि एकजण, ज्याने बहुधा पुडा उघडून बघितला होता, तो ‘गोल’ लिही. या सगळ्यांना पुरून उरेल असा प्रोग्रॅम जावयाने लिहिला होता. त्या मानाने हे एवढंसं घर. सहा माणसं, सहा रकाने. डाव्या हाताचा मळ.

“एकही पाळी रिकामी जाणार नाही, आई,” तो म्हणाला. “माझ्यावर सोडा.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. लग्नानंतर तिने त्याच्याकडे असं फार वेळा बघितलं नव्हतं, त्यामुळे ते कौतुक होतं की धोक्याची सूचना, हे त्याला कळलं नाही.

•

*दिनांक | (नाव) | (नाव) | (नाव) | (नाव) | (नाव) | (नाव)*

व्यवस्था अशी होती. तक्ता सगळ्यांच्या मोबाइलवर. ज्याने त्याने आपल्या रकान्यात, तारखेसमोर, ‘सकाळ’, ‘दुपार’ किंवा ‘रात्र’ लिहायचं. रोज पहाटे जावयाचा प्रोग्रॅम तो आडवा तक्ता उभा करणार आणि ज्याची पाळी त्याला मोबाइलवर निरोप धाडणार. एखादी पाळी कुणीच घेतली नसेल तर निरोप जावयाला.

रकान्यांना त्याने माणसांची नावं दिली. साधी, दप्तरात लिहितात तशी. ती एक संध्याकाळभर टिकली.

काकूंनी तक्ता उघडला, आपलं नुसतं नाव बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. या घरात आल्यापासून त्या नावाने त्यांना फक्त सासऱ्यांनी हाक मारली होती, तीही रागाच्या भरात, असं त्यांनी पुतणीला जिन्यात गाठून सांगितलं. आता जावई मारणार असेल तर मारो, आपण काय, म्हातारं माणूस. दादानेही फोन केला. वहिनीचं नाव असं उघडंबोडकं लिहिणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

जावयाने दहा मिनिटांत चूक सुधारली. सगळ्यांना नात्याने लिहिलं.

*दिनांक | दादा | वहिनी | ताई | बायको | काकू | मी*

आणि समाधानाने झोपला.

•

सकाळी तक्ता उघडला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो.

*दिनांक | मामा | मामी | मावशी | मावशी_२ | काकू | मी*

मामा कोण? मावशी दोन कशा? पाळ्या घ्यायला बसलेली ताई कुठे गेली? त्याने डोळे चोळले. मग बायकोला उठवलं. मग दोघांनी मिळून रात्रीत काय काय झालं त्याचा माग काढला.

पहिला हात दादाने लावला होता. ‘बायको’ हा रकाना बघून तो अस्वस्थ झाला. आपल्या आईच्या तक्त्यात ही कुणाची बायको, असं त्याला वाटलं, आणि त्याने तिथे ‘धाकटी’ लिहिलं. बहिणीला तो जन्मापासून धाकटीच म्हणत आला होता. त्याच्या पाठोपाठ वहिनीने तक्ता उघडला. तिला ‘दादा’ दिसला. नवऱ्याला दादा कसं म्हणणार? तिने ते खोडून ‘हे’ लिहिलं. मग ताई आली. ताईला पोरं झाल्यापासून ती साऱ्या जगाला पोरांच्या तोंडाने हाक मारत असे. सख्ख्या भावालासुद्धा समोरासमोर ‘मामा, मीठ दे’ म्हणायची. तिने ‘हे’चा मामा केला, ‘वहिनी’ची मामी केली, ‘धाकटी’ची मावशी केली. मग ‘ताई’ या रकान्यापाशी ती थांबली. आपण आपल्या ताई नाही, हे तिला पटलं. तेव्हा तिने विचार केला की दिवसा स्वयंपाकाला आणि केरवाऱ्याला येणाऱ्या बाईंचा रकाना राहिलाच आहे, त्यांना सगळे मावशी म्हणतात, तर हा रकाना त्यांना देऊन टाकावा. यंत्राने बिचाऱ्याने दुसऱ्या मावशीला आकडा लावला.

“मग ताईने स्वतःच्या पाळ्या कुठे लिहिल्या?” जावयाने विचारलं.

बायकोने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ‘मी’ असं लिहिलेलं होतं.

“तिने बघितलं, ‘मी’ आहे. तिला वाटलं, माझंच,” बायको म्हणाली.

जावई सर्द झाला. ‘मी’ त्याने लिहिलं होतं. मी म्हणजे तो. पण जो कुणी तक्ता उघडेल त्याला तो रकाना आपलाच वाटणार, हे त्याच्या बिस्किटी डोक्यात आलंच नव्हतं. कुठल्या बिस्किटाने आजवर ‘मी’ म्हटलं होतं?

हे सगळं निस्तरू, आधी तोंड धुऊ, असं म्हणून तो दात घासायला गेला, आणि मोबाइल वाजला. त्याच्याच प्रोग्रॅमचा त्यालाच निरोप: आज सकाळी तुमची पाळी. ‘मी’च्या रकान्यात आजच्या तारखेसमोर ‘सकाळ’ लिहिलेलं होतं. ते आपण लिहिलेलं नाही, एवढं त्याला नक्की आठवत होतं. मग कोणी लिहिलं? आणि आपण नाही गेलो आणि ‘मी’ म्हणजे आपणच निघालो तर?

धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सकाळी गरम सूप सांगितलं होतं. त्याने सूप केलं, थर्मासमध्ये भरलं, ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि सासुरवाडी गाठली.

दार ताईने उघडलं. तिच्या हातात थर्मास होता. ‘मी’मध्ये आजची सकाळ आधीच लिहिलेली तिला दिसली होती, आणि आपणच मघाशी लिहून विसरलो असं समजून ती आली होती. आत पलंगाशेजारी वहिनी बसली होती, थर्मासचं झाकण उघडून. ‘मी काही माझी वहिनी नाही आणि मामी तर नाहीच,’ असं म्हणून तिनेही ‘मी’ हाच रकाना धरला होता. ‘सकाळ’ मुळात तिने लिहिली होती.

सासूबाईंनी तिन्ही सूपं प्यायली. कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर यावरून कुणाला काही वाटू नये म्हणून एका मोठ्या भांड्यात एकत्र करून प्यायली. भांडं खाली ठेवून त्या म्हणाल्या, “जावईबापू, आज तीन आले. उद्या एकही नाही, असं नको व्हायला.”

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं, पण प्रोग्रॅमचा दोष अचूक सांगितला होता.

•

त्याने वरची ओळ कुलूपबंद केली. नावं आता कुणालाच बदलता येणार नव्हती. दुपारपर्यंत त्याला इतके फोन आले की साहेबांनी खुणेनेच, घरी कुणाचं काही बरंवाईट झालंय का, असं विचारलं. संध्याकाळी दादाने कुलूप काढून टाकलं. तक्ता त्याच्या खात्यावर होता. आपल्या माणसांत कसली कुलुपं, असा त्याचा सवाल होता, आणि त्याला उत्तर देण्याइतका जावई जुना नव्हता.

तेव्हा त्याने तोच मार्ग धरला जो ‘चौ.’ आणि ‘गोल’ यांच्या बाबतीत कामी आला होता. ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे. आपण कोश करायचा. कुठल्या शब्दाचा अर्थ कुठलं माणूस, ते प्रोग्रॅमला एकदा शिकवून ठेवायचं, की मग नावं किती का बदलेनात. बायको पलंगावर मांडी घालून बसली आणि एकेक नातं सांगत गेली. तो लिहीत गेला. दादा, मामा, हे, थोरला: एकच. वहिनी, मामी, सूनबाई: एकच. काकू, काकूआजी, वरच्या: एकच. ‘मी’ला बंदी, त्या जागी ‘जावई’. ‘मावशी’वर वादावादी झाली, शेवटी असं ठरलं की रात्रीच्या पाळीची मावशी म्हणजे बायको, कारण स्वयंपाकाच्या मावशी रात्री येत नाहीत.

“आणि धाकटी?” त्याने विचारलं.

“मी. जन्मापासून.”

“नक्की?”

“या घरात दुसरी कोण आहे माझ्याहून धाकटी?”

त्याने लिहिलं. ‘धाकटी’ म्हणजे बायको.

कोश चालला. एवढा झकास चालला की जावयाची छाती फुगली. लोक रकान्यांची नावं बदलतच होते. ताई वहिनीची पुन्हा मामी करी, वहिनी दादाचे पुन्हा ‘हे’ करी. पण पहाटे प्रोग्रॅम उठे, कोश उघडे, आडव्याचं उभं करी, आणि ज्याचा निरोप त्यालाच जाई. ऑफिसात त्याने हा प्रकार साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, विक्रेत्यांपेक्षा नातेवाईक बरे. सासूबाई हळूहळू वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरू लागल्या. दादा आठव्या मजल्याविषयी बोलेनासा झाला.

यशाने माणसाचा हात सैल होतो. जावयाने घरातला जुना टॅब्लेट पुसूनबिसून सासूबाईंना नेऊन दिला. आज आपल्याकडे कोण येणार हे त्यांना पडल्या पडल्या दिसावं, एवढाच हेतू. त्यांनी चष्मा लावून वरची ओळ वाचली. सगळं त्यांना पटलं. फक्त एकाच ठिकाणी त्यांनी बोट टेकवलं, एक शब्द खोडला, एक लिहिला, आणि तक्ता आता शुद्ध झाला अशा समाधानाने टॅब्लेट उशाशी ठेवला.

•

*दिनांक | हे | वहिनी | ताई | मावशी | धाकटी | जावई*

गुरुवार. जावई जेवणाचा डबा उघडतच होता. बायकोचा फोन.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासत असे, आणि नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला दुकानाने तिला आदल्या दिवशीच परगावी पाठवलं होतं. तिथे वर्गात शिरताना सगळ्यांचे मोबाइल काढून घेत. जेवणाच्या सुट्टीत तिने आपला परत घेतला तर त्यात पहाटेपासून एक निरोप पडून होता.

“आज दुपारी माझी पाळी आहे म्हणे,” ती म्हणाली. “मी कशी घेईन पाळी? मी इथे आहे.”

“मग तू लिहिलीस कशाला?”

“मी नाही लिहिली. तुझा तक्ता बघ.”

त्याने बघितला. ‘धाकटी’खाली आजची दुपार. शेजारी ‘मावशी’ही होती. मावशी म्हणजे बायको, धाकटी म्हणजेही बायको. एका बायकोचे दोन रकाने? मग त्याने डावीकडून उजवीकडे माणसं मोजली. काकू नव्हत्या. तक्त्यात कुठेच काकू नव्हत्या. त्याचा घास हातातच राहिला.

त्याने काकूंना फोन लावला. काकूंचा आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा आला. गुरुवारची दुपार आपण घेतली होती खरी. पण निरोप आला नाही. म्हणून तक्ता बघितला, तर आपलं नावच उडवलेलं. बरं केलंत. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही सांडलं-लवंडलं तर, असं वाटलं असेल. वाटणारच. यावर जावयाने तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता.

ताईला फोन. तो बऱ्याच वेळाने लागला. सकाळची पाळी तिची होती. ती केव्हाच घरी पोचली होती. निघताना ती थांबत होती, पण आईच म्हणाली, जा गं तू, धाकटी येईलच. बहीण येतेय म्हटल्यावर ताई निर्धास्त निघाली.

सासूबाईंना फोन. वाजत राहिला. पुन्हा केला. वाजत राहिला.

डबा तसाच उघडा टाकून जावई निघाला. वाटेत त्याच्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक चित्रात वॉकर आडवा होता.

घराच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

तो त्या कुलपाकडे बघत राहिला. गुडघा बदललेली बाई आत पडलेली असेल, अशी तयारी करून तो आला होता. आत नसेल, अशी नव्हती. त्याने पुन्हा फोन लावला. दाराच्या आत, अगदी जवळ, रिंग वाजू लागली. तो धावत मागच्या बाजूला गेला आणि खिडकीतून डोकावला. पलंग रिकामा. चादरीची घडी घातलेली. जी बाई पडली-झडली आहे तिने चादरीची घडी कशी घातली, हा विचार त्याला सुचायला हवा होता. पण तो गजांतून पलंगाखाली कुणी दिसतं का ते बघत होता.

आता एकच गोष्ट उरली होती आणि ती करायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. एकदा दादाला कळवलं की झालं, सासूबाईंचं हे घर सुटलं. आज रात्रीच त्यांची बॅग भरली जाणार, आणि ती भरायची वेळ आपल्या तक्त्याने आणली, हे बायकोला तोंड वर करून कसं सांगायचं? पण सासूबाई कुठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, याचा पत्ता नसताना घराचा विचार करत बसणं त्याला जमेना. त्याने दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. कोशापासून कुलपापर्यंत.

दादा आला, वहिनी आली, मागोमाग ताई धापा टाकत आली. सगळे पुन्हा कुलपापाशी जमले आणि जणू ते काही सांगणार आहे अशा आशेने त्याच्याकडे बघू लागले.

“हा इथे कसा?” वहिनी म्हणाली.

जिन्याखालच्या अंधारात, कठड्याला टेकून, वॉकर उभा होता. नुसता वॉकर. सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. आणि वरून, काकूंच्या घरातून, दोन बायका तार स्वरात भांडत असल्याचा आवाज आला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं गोड भांडण आपण कधी ऐकलं नव्हतं, असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

•

काकूंचं दार सताड उघडं होतं. सासूबाई आरामखुर्चीत रेलून बसल्या होत्या, नवा गुडघा स्टुलावर, हातात कॉफीचा मग. समोर काकू, मांडीवर टॅब्लेट.

झालं होतं ते असं. जावयाचा फोन आपटल्यावर काकूंनी लगेच खाली सासूबाईंना फोन करून, तुमच्या जावयाने माझं नाव उडवलं, हे सुनावलं. सासूबाईंनी सांगितलं की उडवलं नाही, मीच ‘काकू’ खोडून ‘धाकटी’ लिहिलं, कारण तू माझी काकू नाहीस, धाकटी जाऊ आहेस. काकूंचा विश्वास बसेना. जावयाला पाठीशी घालताय, म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग उचलेचनात. सासूबाई वाट बघत बसल्या नाहीत. टॅब्लेट पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली, चादरीची घडी घातली, फोन दाराशीच विसरून दाराला कुलूप लावलं, आणि जिन्यापाशी वॉकर उपयोगाचा नाही असं दिसल्यावर तो तिथेच सोडून, कठडा धरून, पुरावा दाखवायला वर आल्या.

“आई,” दादा म्हणाला, “तू जिना चढलीस.”

“चढले.”

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“डॉक्टरांना हिचा राग ठाऊक नाही.”

दादाने श्वास घेतला. तो ओरडला नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं, असं तो शांतपणे म्हणाला. पाळी रिकामी गेली. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. जावई दाराच्या चौकटीला टेकला. आता आपण काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटत होतं. पण त्याच्या कोशात त्यासाठी शब्द नव्हता.

“दुपारची पाळी कुणाची होती?” सासूबाईंनी विचारलं.

“काकूची.”

“आणि मी दुपारभर कुणाजवळ बसलेय?”

“आई, असं नसतं. पाळी म्हणजे घरी येऊन—”

“‘घरातलं एक माणूस आईजवळ,’ असं म्हणाला होतास. हे माणूस घरातलं आहे. माझ्याजवळ आहे. आईने कुठे बसायचं ते तू म्हणाला नव्हतास.” त्यांनी मग खाली ठेवला. “जावईबापू, तुमचा तक्ता काय म्हणतो?”

सगळे जावयाकडे वळले. त्याने मोबाइल काढला. कोशात एक दुरुस्ती केली: सासूबाई लिहितील तेव्हा ‘धाकटी’ म्हणजे काकू. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आडव्याचं उभं झालं. त्याने शेवटची ओळ वाचली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचली, आणि मग ऑफिसात महिन्याचे आकडे वाचतात त्या आवाजात म्हणाला, “रिकाम्या पाळ्या: एकही नाही.”

दादाने जावयाकडे बघितलं. आपण याला आजवर ओळखलंच नव्हतं, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

“ठीक आहे,” शेवटी तो म्हणाला. “पण एक सांगतो. जिना आता बंद. डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक पायरी नाही. चढायची नाही, उतरायची नाही. यात मी ऐकणार नाही.”

“बरं बाबा,” सासूबाई म्हणाल्या. “एक पायरी नाही.” आणि त्यांनी स्टुलावरचा पाय जरा नीट ठेवला.

आपण काय बोलून बसलो ते दादाला कळायला वेळ लागला. वहिनीला आधी कळलं. तिने दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मग आई खाली कशा येणार?”

दादाने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. खाली आल्याशिवाय गाडी नाही, आणि गाडीशिवाय आठवा मजला नाही. काकू काही न बोलता उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक उशी आणि एक पांघरूण घेऊन आल्या. उशी पातळ आहे, असं सासूबाई म्हणाल्या. पातळच बरी, मानेला, असं काकू म्हणाल्या. आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी जावयाने तक्ता उघडला. बाकीच्यांनी आपापले रकाने काढून टाकले होते. तारखांसमोर एकच रकाना उरला होता, वरून खालपर्यंत भरलेला: सकाळ दुपार रात्र, सकाळ दुपार रात्र. उभं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. वर लिहिलं होतं ‘धाकटी’. त्याला त्याने हात लावला नाही.

काकू सासूबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत.